‘ओ माय गॉड’ म्हणावं का?

प्रश्न : सहा महिन्यांसाठी मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला आले आहे. शेजारच्या आजींच्या हातून कप निसटला, तेव्हा मी ‘ओ माय गॉड!’ ओरडले. त्यांचा चेहरा पडला. माझं काय चुकलं?
— एक वाचक, मूळ सातारा

उत्तर : ताई, फार काही नाही. देवाचं नाव उगाच घेऊ नये, असं बायबलच्या दहा आज्ञांत आहे. जुन्या वळणाच्या माणसांना ते खटकतं. त्यातूनच ‘गॉड’चं ‘गॉश’ झालं आणि ‘गुडनेस’ही त्याच्याच जागी आलं. कप फुटला की ‘ओ डिअर!’ म्हणा. आपलं ‘अरेरे’च ते.

‘ऊप्स’ मात्र जपून. ते किरकोळ चुकीसाठी, शक्यतो स्वतःच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेब म्हणाले, ‘माझा कुत्रा गेला,’ आणि मी ऐटीत ‘ऊप्स!’ म्हणालो. तिथे ‘ओ नो, आय अ‍ॅम सो सॉरी’ हवं होतं. साहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पोर धडपडलं, तर ‘ऊप्स-अ-डेझी’ चालतं. आपण ‘मुंगी मेली बघ’ म्हणतो, तसं.

चटका बसला तर ‘आउच’, बस थोडक्यात मिळाली तर ‘फ्यू’. ‘जीझ’ टाळा, ते ‘जीझस’चंच तुटकं रूप. आणि बोट दारात सापडलं तर खुशाल ‘आई गं!’ ओरडा. आजी धावत येतील.