सोनं आधी, रंग नंतर

जुन्या हस्तलिखितांसारखं सोन्याच्या वर्खाने सजवलेलं अक्षर करायचंय? पहिल्याच प्रयत्नात पानभर चित्र नको. लॅटिन बायबलाच्या क्रमाने 68वं स्तोत्र घ्या (मराठी बायबलात 69वं), त्याचं लॅटिनमधलं पहिलं अक्षर ‘एस’. मध्ययुगीन इंग्लिश हस्तलिखितांत त्याच्या वरच्या वळणात देव आणि खालच्या वळणात योना (बायबलातला, माशाने गिळलेला संदेष्टा) नि मासा अशी मांडणी सापडते. जागा इवलीशी, पण गोष्ट पुरी.

क्रम मात्र मोडू नका: मजकूर, रेखाटन, सोनं, मग रंग. रंग आधी भरलात तर वर्ख त्यावरही चिकटतो, आणि घोटताना रंग उखडतो.

सोन्याखालचा उंच लेप: पाण्यात मुरवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस 8 भाग, शिशाचा सफेदा 3, साखर 1, माशाचा सरस 1, चिमूटभर तांबडी माती. हा सफेदा विषारी. नवख्याने टायटॅनियमचाच घ्यावा, हस्तलिखितं सजवणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूंची नक्कल इतकी नको! साखर ओल धरते, म्हणून सुकलेल्या लेपावर तोंडाची वाफ सोडली की वर्ख बसतो. कोकणातल्या पावसाळ्यात तीच साखर लेप चिकट ठेवते, मग अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटताना ओरखडे पडतात. उलट लेप तडकला, तर साखर कमी पडली किंवा थर एकदम जाड दिला. कालवताना जोरात ढवळू नका. बुडबुड्यांचे खड्डे सोन्यातून स्पष्ट दिसतात.