उन्हात कठड्याची पूड का होते?

प्रश्न: दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, अगाशीचा कठडा ४ वर्षांपूर्वी पांढरा रंगवून घेतला. यंदा उत्तरायणला पोरं पतंग उडवताना कठड्याला टेकली आणि सगळ्यांच्या पाठी पांढऱ्याफटक! पेंटर म्हणतो रंग हलक्या प्रतीचा होता. नातू केमिस्ट्री शिकतो, तो म्हणतो आजी ह्याच पांढऱ्या पावडरीनं उन्हात रंगाचं घाण पाणी साफ करता येतं. मग ती आमचा कठडा का खातेय?
— एक आजी, बडोदा

उत्तर: आजी, दोघंही खरं बोलतायत, आणि नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक पांढरे दाणे असतात. त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले, साधारण ३९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, की दाण्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो आणि मागे रिकामी जागा राहते. उठलेला इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो, रिकामी जागा दाण्यावरच्या ओलाव्यातून इलेक्ट्रॉन खेचते, आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्याच्या रेणूचे अर्धवट तुकडे, तयार होतात, ते इतके आक्रमक की समोर कुठलाही सेंद्रिय पदार्थ आला की तोडायला घेतात. दाणा स्वतः मात्र तसाच राहतो, उद्या ऊन आलं की परत तेच. पाण्यात समोर रंग असतो म्हणून रंग तुटतो, कठड्यावर समोर असतो पेंटमधला बाइंडर, म्हणजे दाणे धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ. (तो नुसत्या उन्हानंही थोडा झिजतोच.) बाइंडर गेला की दाणे सुटे, तीच ती पाठीवरची पूड. खात्री करायची तर कठड्याला टेकून वर्षानुवर्षं ठेवलेली एखादी कुंडी सरकवा आणि तिच्यामागे बोट फिरवा, तिथं पूड कमी निघाली तर हे उन्हाचंच काम.

पेंटरचं म्हणणं इथं लागू पडतं. ह्या ऑक्साइडचे दोन प्रकार पेंटमध्ये येतात, ॲनाटेज आणि रूटाइल. ॲनाटेज उन्हात जास्त चळवळ्या, म्हणून बाहेरच्या चांगल्या पेंटमध्ये रूटाइल घालतात आणि त्याच्या दाण्यांवर सिलिका-ॲल्युमिनाचा पातळ लेप देतात. गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, तो तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा शोषतो, पण त्यातला उठलेला इलेक्ट्रॉन लगेच परत खाली बसतो, म्हणून त्याच्याकडून एवढं काम होत नाही.

१९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा ह्यांनी प्रकाश आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करून दाखवले, तिथून ह्या विषयाला जोर आला. मग आपल्या बडोद्याजवळच्या नंदेसरीसारख्या ठिकाणच्या केमिकल कारखान्यांचं पाणी आपण असंच उन्हात का साफ करत नाही? कारण जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम ५ टक्के, गडद रंगीत पाण्यात तोही वरच्या वरच अडकतो, आणि शेवटी ती बारीक पावडर पाण्यातून परत काढायची कशी हा वेगळाच ताप. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की रंग उडाला म्हणजे पाणी साफ झालं असं नाही! रेणूचे तुकडे पाण्यातच असू शकतात, ते पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत जायला रंग जाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

नातवाला घरी करून बघायचं असेल तर माशांच्या दुकानात मिळणारं मिथिलीन ब्लू घ्या, ३ काचेच्या ग्लासांत पाणी फिकट निळं करा. दोघांत चिमूटभर झिंक ऑक्साइड टाका (उन्हात तसंच काम करणारी दुसरी पांढरी पावडर), त्यातला एक उन्हात आणि एक कपाटात, तिसरा पावडरीशिवाय उन्हात. तिसरा ग्लास हवाच, कारण हा रंग नुसत्या उन्हानंही थोडा उडतो, आणि कपाटातल्यात थोडा रंग पावडरीला नुसता चिकटतो. दर तासाला ढवळून, पावडर खाली बसू देऊन बघा. ते पाणी कुणी प्यायचं नाही, माशांनाही घालायचं नाही.

कठड्याचं म्हणाल तर पूड ओल्या ब्रशनं घासून धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या, मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचाच पेंट. पुडीवरच नवा हात मारू देऊ नका, तो पापुद्र्यासारखा सुटेल.