चिमणी चालू, धूर आतच

डिचोलीच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी सव्वा वर्षापूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बॉडी बिल्डरकडून (म्हणजे गाडीची बॉडी बांधून देणाऱ्याकडून) २४ लाखांना मोटर कॅरव्हॅन, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेतली. माहितीपत्रकात ‘धूर बाहेर टाकणारी किचन चिमणी आणि छतावर एक्झॉस्ट फॅन’ असं छापलेलं. जुलैत आंबोलीला, भर पावसात खिडक्या लावून बांगडे तळताना पत्नीला चक्कर आली, डोकं ठणकू लागलं, रात्री डॉक्टर गाठावा लागला. नंतर उलगडा झाला की चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नाही आणि छतावरचा पंखा हवा बाहेर टाकण्याऐवजी आत घेतो. विक्रेता म्हणतो, “कॅरव्हॅनमध्ये असंच असतं, खिडकी उघडा.” बिलाच्या मागे ‘सर्व वाद पुणे न्यायालयाच्या कक्षेत’ असा शिक्का. गावातला फॅब्रिकेटर छत कापून खरीखुरी चिमणी बसवून द्यायला तयार आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, दोन गोष्टी: पाणी येतं म्हणून फरशीतल्या दोन झरोक्यांवर टेप लावली आहे आणि भाच्याने शनिवार-रविवारी गाडी ओळखीच्यांना पैसे घेऊन दिली आहे. केस होईल का, झाली तर गोव्यात होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

केस होईल आणि गोव्यातच होईल. पण त्या फॅब्रिकेटरला आजच नाही म्हणून सांगा. छत कापलंत की तुमचा पुरावा भंगारात गेला. आज ती गाडी स्वतःच तुमची सर्वांत मोठी साक्षीदार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८७ सांगतं की इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल किंवा तिचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेची भरपाई मागणारी, कारवाई चालत नाही. इजा जुलैत झाली, छत आता कापलं, तरी समोरचा वकील नेमकं काय कधी बदललं याचा असा गुंता करेल की वर्षभर तोच सोडवत बसाल. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीची नोंदणी ज्या वर्णनावर झाली, त्याच्याशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. केले तर कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. छताचं भोक हा त्यात मोडणारा बदल आहे की नाही, हा वाद विमा कंपनीशी क्लेमच्या वेळी घालत बसण्यात अर्थ नाही. दुरुस्ती विक्रेत्यानेच करून द्यावी, तीही कागदपत्रांसकट.

आता थोडं गाडीच्या आत. मी वकील, मेकॅनिक नव्हे. पण दोष शब्दांत मांडता आला नाही तर तक्रार टिकत नाही. चिमण्या दोन प्रकारच्या असतात. एक धूर पाइपातून बाहेर फेकते. दुसरी हवा जाळी आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडते. दुसरी तेल आणि थोडा वास धरते. वाफ आणि गॅस जळून तयार होणारे वायू धरत नाही. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. आपल्या पावसाळ्यात बंद गाडीत ती सगळी वाफ प्लायवूडमध्ये मुरते. तुम्हाला दिली ती दुसरी, छापली पहिली. तक्रारीत हेच एक वाक्य ठळक यायला हवं. ‘चिमणी नीट चालत नाही’ असं लिहू नका, ‘वर्णन केलेली वस्तू दिलीच नाही’ असं लिहा. पहिल्या वाक्यावर ते सर्व्हिसिंगला माणूस पाठवतील, दुसऱ्यावर उत्तर द्यावं लागेल.

छतावरच्या पंख्याचं कारण बहुधा अगदी साधं आहे. १२ व्होल्टच्या डीसी पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या, की साधी मोटर उलट दिशेने फिरते. टिश्यू पेपरची पट्टी जाळीखाली धरा, पंखा लावा, पट्टी खाली उडते की वर ओढली जाते ते मोबाइलवर घ्या. चिमणीच्या वरच्या कपाटाचं दार उघडून पाइप नसल्याचं दाखवा. त्याच व्हिडिओत नंबर प्लेट आणि चासी नंबर येऊ द्या, मध्ये कट नको. फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं आहे, त्याचा मसुदा मी देईन. मग एखाद्या चार्टर्ड इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. पुढे ग्राहक आयोगही (जिथे ही तक्रार चालेल) ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली वस्तू तपासणीला पाठवू शकतो, पण तुमचा अहवाल आधी हातात असलेला बरा.

तारा घरीच उलटवण्याचा मोह होईल. नको. पुरावा जातो हे एक, आणि तुमच्या गाडीत गॅस गीझरही आहे असं तुम्ही लिहिता. खिडक्या बंद ठेवून पंखा जोरात हवा बाहेर ओढू लागला की आत दाब कमी होतो, आणि गीझर उघड्या धुराड्याचा (जळायला खोलीतलीच हवा घेणारा) असेल तर त्याचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी खोलीत खेचला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला वास नसतो. बाहेरची हवा आत यायला कायमची वाट नसेल तर जोरदार पंखा उलट धोका वाढवतो.

म्हणून त्या टेपबद्दल स्पष्ट बोलतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. फरशीतले झरोके त्यालाच बाहेर पडायला ठेवलेले असतात, आणि बाहेरची हवा आत यायलाही. तुम्ही ते बुजवलेत. विक्रेत्याच्या हाती हेच सर्वांत धारदार शस्त्र आहे. टेपसकट फोटो काढा, मग टेप काढून टाका, आणि तक्रारीत स्वतःहून लिहा: पाणी येत होतं, अमुक तारखेला टेप लावली, अमुक तारखेला काढली. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत निघाली तर खरी गोष्टही खोटी वाटू लागते. तुम्ही मान्य केलंत तर भरपाई थोडी कमी होईल, केस बुडणार नाही. चिमणीला पाइप नसणं टेपमुळे झालेलं नाही. आणि झरोक्यातून पाणी का येतं, हादेखील विक्रेत्याला विचारायचा प्रश्न आहे.

पुण्याच्या शिक्क्याची चिंता करू नका. ग्राहक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुम्ही उत्तर गोव्यात, म्हणजे पर्वरी. तुम्ही भरलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगच. पंखा काही हजारांचा म्हणून ती रक्कम धरायची नसते, गाडीचे २४ लाख धरायचे. त्यावर शुल्क १००० रुपये. मुदत दोन वर्षांची. ती ताबा मिळाल्याच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे हातात नऊ महिने आहेत. व्हॉट्सॲपवर ‘बघतो’, ‘करतो’ चालू असतं म्हणून मुदत थांबत नाही.

भाच्याच्या भाड्याची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, मला ती पहिली वाटते. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या लीलावती रुग्णालयाच्या प्रकरणात मुख्य हेतू पाहायला सांगितलं आहे, आणि २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या निकालात व्यापारी हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली आहे. गाडी कुटुंबासाठी घेतली, अधूनमधून दिली, एवढंच असेल तर तुम्ही ग्राहक राहता. पण भाच्याने समाजमाध्यमांवर दर छापून जाहिरात केली असेल तर ती विक्रेत्याच्या वकिलाला अर्ध्या तासात सापडेल. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं म्हणजे परवान्याविना व्यवसाय. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. त्या भाडेकरूंच्या हातून अपघात झाला असता तर खासगी विम्यावरही भरवसा नव्हता. भाच्याला समोर बसवा आणि हे बंद करा. जुन्या पोस्ट मात्र घाईने पुसायला लावू नका. कोणी आधीच फोटो काढून ठेवला असेल तर पुसणं जास्त महाग पडतं.

तूर्त स्वयंपाक कुठे करायचा, तर गाडीत नाही. शेगडी काढून मोरजीच्या किनाऱ्यावर मांडू असं तुम्ही लिहिता, तेही नको. पर्यटन स्थळांच्या संरक्षणाच्या गोव्याच्या २००१ च्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा ठिकाणी उघड्यावर रांधणं दंडपात्र आहे. पंख्याची कहाणी पोलिस ऐकून घेणार नाहीत.

मागणी काय करायची? पूर्ण २४ लाख परत मागायची तुमची इच्छा दिसते. मी ते मुख्य मागणीत घालणार नाही. गाडी चालते, तुम्ही तिच्यातून फिरलात, त्यामुळे आयोगाला ते जास्तीचं वाटेल आणि बाकीच्या मागण्यांकडेही तो त्याच नजरेने पाहील. माहितीपत्रकात आहे तशी चिमणी विक्रेत्याने स्वखर्चाने बसवावी, पंखा आणि गीझरची वायुवाट तपासून लेखी द्यावी, आरसीत काही नोंद लागली तर ती करून द्यावी. नाही केलं तर त्या कामाचा पूर्ण खर्च, पत्नीचा वैद्यकीय खर्च, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च. पत्नीच्या त्रासासाठी त्या रात्रीचा केसपेपर लागेल. त्यावर डॉक्टरांनी धुराचा उल्लेख केला आहे का, ते आधी पाहा आणि मला कळवा. नोटिशीचा तो परिच्छेद त्यावर ठरेल. नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, १५ दिवसांच्या मुदतीची. मूळ माहितीपत्रक घरी जपून ठेवा, विक्रेत्याचा माणूस दुरुस्तीला आला तरी त्याच्या हाती फक्त झेरॉक्स द्या.