लासोटा दिली तरी पिल्लं का मरतात?

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातनं एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, "साहेब, सातव्या दिवशी लासोटा दिलेली, तरी दीड महिन्यात मानमोडीनं पिल्लं गेली, लस बोगस हाय काय?" लासोटा ही कोंबडीच्या पिल्लांना मानमोडी (राणीखेत) होऊ नये म्हणून द्यायची लस, ती बोगस असेलच असं नाही. पुष्कळदा पिल्लाच्या अंगात लसीचा उपयोग करून घेणारी जागाच खराब झालेली असते.

कोंबडीच्या विष्ठेच्या जागेच्या जरा वर, आतल्या बाजूला एक छोटी पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला. अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारे अंगातले घटक, बनवणाऱ्या पेशी हिच्यातच तयार होतात, हे काम लहानपणीच जोरात चालतं आणि मोठेपणी पिशवी आपोआप आकसते. गंबोरो नावाच्या कोंबड्यांच्या रोगाचा व्हायरस नेमका हिच्यावरच बसतो, तेही 3 ते 6 आठवड्यांच्या पिल्लांत जास्त, मग त्यातनं वाचलेली पिल्लं वरून धडधाकट दिसतात पण पुढं लासोटाचा बूस्टर (पुन्हा द्यायचा डोस) द्या नाहीतर काहीही द्या, अंगात पाहिजे तेवढी ताकद येतच नाही. डॉक्टर मेलेलं पिल्लू फाडतात तेव्हा जवळ उभं राहून बघा, बर्सा सुजलेली, वर पिवळसर जेलीसारखा थर, कधी रक्ताचे ठिपके. एकदम धडाधड मरत असतील तर मात्र हात लावू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

म्हणून गंबोरोची लस 12 ते 14 व्या दिवशी द्याच. अजून आधी दिली की बरं, असंही नाही, कारण आईची अँटीबॉडी अंड्याच्या बलकातनं पिल्लात आलेली असते, ती दोन-तीन आठवड्यांत उतरते, तोवर भरपूर असली की लसच निकामी करते.

आणि पाणी बघा हो! ब्लिचिंग पावडरच्या नळाच्या पाण्यात लस घातली की लसीतला जिवंत व्हायरस तिथंच मरतो. विहिरीचं स्वच्छ गार पाणी घ्या, लिटरला 5 ग्रॅम स्किम मिल्क पावडर टाका, दोन तासांत संपेल एवढंच करा. कमी पिल्लं असतील तर डोळ्यात थेंबच बरा, डोळ्यामागं एक ग्रंथी असते ती लगेच कामाला लागते, फक्त थेंब आत जाईपर्यंत पिल्लू सोडू नका.

पावसाळ्यात बुरशी लागलेला मका स्वस्त मिळतो म्हणून घालू नका, त्या विषानं बर्सा बारीक होते. अँटीबायोटिकनं गंबोरोचा व्हायरस मरत नाही, पैसे जातात. रोग येऊन गेलेल्या शेडमधलं भाताचं तूस सगळं बाहेर काढा, शेड धुवून रिकामं ठेवा, मगच पुढची बॅच, कारण हा व्हायरस तिथं महिनोन्महिने टिकतो.