जुन्या लेथसाठी हाताने स्क्रेपिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इचलकरंजीत माझे छोटे वर्कशॉप असून यंत्रमागांचे सुटे भाग दुरुस्त करण्याचे काम मी करतो. अलीकडे एका भंगार व्यापाऱ्याकडून साडेचार फुटी बेडचा (ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या लांब पायाचा) जुना लेथ घेतला. चकजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांजवळ, शाफ्ट टर्न केला की टेपर येतो, म्हणजे व्यास एका टोकाकडे कमी-जास्त होतो. क्रॉस स्लाइडची (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागाची) गिब पट्टी, म्हणजे सरकण्याची फट भरणारी पट्टी, मधल्या भागात बरोबर बसेल इतकी आवळली, तर स्लाइड दोन्ही टोकांना जाम होते. बेड ग्राइंडिंगचा खर्च सध्या परवडणारा नाही. हाताने स्क्रेपिंग शिकून हे काम मला घरीच करता येईल का? हाताशी वीस हजार रुपये आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : स्क्रेपिंग, म्हणजे सपाट प्लेटवरचा निळा रंग जेथे लागतो ते उंच ठिपके स्क्रेपरच्या धारेने थोडे थोडे खरवडून पृष्ठभाग जुळवणे, आपल्याला नक्की शिकता येईल. मात्र बेडला स्क्रेपर लावण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी, आणि आपल्या लेथच्या बाबतीत ती बहुधा येऊही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेपर येतो म्हणजे बेड झिजलाच, असे समजू नये. हलक्या स्टँडवर किंवा असमान फरशीवर बोल्ट आवळून बसवलेला लहान लेथ पीळ खातो, आणि पिळामुळे येणारा टेपर झिजेसारखाच दिसतो. मीटरला ०.०२ मिमी फरक दाखवणारी अचूक लेव्हल कोणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा. ती बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकजवळ (चकच्या बाजूला) आणि टेलस्टॉकच्या (समोरच्या आधाराच्या) टोकाला वाचन घ्या, आणि दोन्ही वाचने सारखी येईपर्यंत पायांखालचे बोल्ट आणि शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) जुळवा. त्यानंतर सुमारे ४० मिमी व्यासाचा दांडा चकमध्ये पकडून तो १५० मिमी बाहेर राहू द्या. टेलस्टॉकचा आधार न देता त्यावर दोन टोकांना दोन कॉलर (उंच कडी) ठेवा आणि क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्हींवर एकच हलका कट घ्या. दोन्ही व्यासांतला फरक एक-दोन शतांश मिलिमीटरच्या आत आला, तर दुरुस्ती पान्यानेच झाली असे समजावे.

फरक तरीही उरला तर झीज मोजावी. येथे पुष्कळजण सॅडलवर (बेडवरून सरकणाऱ्या, हत्यार वाहणाऱ्या भागावर) डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे गेज) बसवून बेडवर फिरवतात, पण सॅडल स्वतःच खड्ड्यात उतरत असल्यामुळे गेजला खड्डा दिसत नाही. गेज टेलस्टॉकच्या तळावर बसवावा, कारण टेलस्टॉक ज्यांवर सरकतो त्या बेडच्या पट्ट्या सहसा फार कमी झिजलेल्या असतात, आणि त्याचे टोक सॅडलच्या मार्गांवर टेकवून संपूर्ण लांबीभर वाचन घ्यावे. व्ही-मार्गाच्या दोन्ही उतारांची वाचने वेगवेगळी लिहून ठेवावीत. याचे कारण महत्त्वाचे आहे. हत्यार मध्यरेषेवर असताना सॅडल सरळ ०.१ मिमी खाली बसले, तर ४० मिमी व्यासाच्या शाफ्टच्या त्रिज्येत एका मायक्रॉनचाही फरक पडत नाही. परंतु व्ही एका बाजूने झिजून किंवा सॅडल कलून हत्यार ०.१ मिमी आडवे सरकले, तर व्यासात पूर्ण ०.२ मिमी चूक येते. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या झिजेच्या पायरीपेक्षा उताराचे वाचन पाहून निर्णय घ्यावा.

झीज ०.०५ मिमीच्या आत असेल तर बेडला हात लावू नये. ती ०.१५ मिमीच्या पुढे गेली असेल तर पैसे साठवून ग्राइंडिंगच करावे. मधल्या टप्प्यात हाताने काम होऊ शकते, पण त्यात काय पत्करावे लागते हे आधी ओळखावे. चकजवळ पडलेला खड्डा भरता येत नसल्यामुळे उरलेला सगळा चांगला बेड खरवडून त्या खड्ड्याच्या पातळीला आणावा लागतो. एका फेरीत तीन ते पाच मायक्रॉन बीड (कास्ट आयर्न) निघते, म्हणजे ०.१ मिमीसाठी संपूर्ण लांबीवर वीस ते तीस फेऱ्या करायच्या, आणि तेही बेडच्या लांबीची भरवशाची स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) जवळ असेल तरच. शिवाय बेडच्या कोपऱ्यावर आधी कानस फिरवून पाहा. ती दात न धरता घसरली तर बेड हार्डन केलेला आहे, आणि तेथे हाताच्या स्क्रेपिंगचा विषयच संपतो.

आता क्रॉस स्लाइडकडे वळू. गिब मध्ये बरोबर आणि टोकांना घट्ट, ही मार्गाचा मधला, रोजच्या वापराचा भाग झिजल्याची खूण आहे. ही स्लाइड हातात उचलता येते, लहान सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) मावते आणि तिच्या सपाट तळापासून सुरुवात करता येते, म्हणून शिकण्यासाठी हाच भाग योग्य आहे. आधी तिचा तळ प्लेटवर सपाट करावा. मग तोच तळ निळा लावून सॅडलच्या वरच्या सपाट मार्गांवर टेकवावा आणि ते जुळवावेत. त्यानंतर डोव्हटेलचे (तिरप्या कडांच्या खाचेचे) उतार आणि शेवटी गिब पट्टी घ्यावी. उतारांसाठी त्या कोनाची छोटी स्ट्रेट एज लागते. कोल्हापूर आपल्याला जवळच आहे, तेथील फाउंड्रीतून बिडाचा तुकडा ओतून घेऊन, मशीन करून, तो स्वतःच प्लेटवर स्क्रेप करणे हा उत्तम आणि स्वस्त सराव आहे. मात्र ओतलेल्या तुकड्यावर स्ट्रेस रिलीव्हिंग (तापवून आतले ताण काढणे) करून घेतल्याशिवाय त्यावर मेहनत घेऊ नये. तसे न केल्यास तो कालांतराने वाकू शकतो.

सॅडलच्या मार्गांची दिशा जुळवताना एक दक्षता घ्यावी, कारण हत्यार आडवे याच मार्गांवरून जाते. फेसिंग केलेला (चकमधल्या जॉबच्या तोंडावर आडवा कट घेऊन केलेला) पृष्ठभाग अगदी किंचित खोलगट आला तर चालतो, पण मध्ये फुगीर आलेला कधीही चालत नाही, कारण फुगीर फ्लँज (जोडाची चकती) दुसऱ्या फ्लँजवर डुगडुगतो.

वीस हजारांपैकी सर्वांत मोठा वाटा ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आणि चांगला डायल गेज यांवर खर्च करावा आणि सर्वांत कमी स्क्रेपरवर. आपले काम आपल्या प्लेटपेक्षा अधिक सपाट कधीच होणार नाही. स्क्रेपर मात्र घरी बनतो. जुन्या बारा इंची चपट्या कानशीचे दात टोकाला घासून काढले तरी सुरुवात होते, फक्त घासताना टोक वारंवार पाण्यात बुडवावे. निळसर रंग चढला की पाणी उतरले, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. बिडावर ही धार लवकर मरते. म्हणून पुढे चपट्या पट्टीवर कार्बाइडची टीप ब्रेझ करून घ्यावी, हिरव्या चाकावर तिला हलकी गोलाई द्यावी आणि धार डायमंड पेस्टवर घासून चकचकीत करावी. कार्बाइड घासताना मास्क लावणे आवश्यक आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत या वस्तू मिळतात.

लेथला हात लावण्यापूर्वी चार इंच लांब-रुंद बिडाच्या ठोकळ्यावर सराव करा. मूठ कमरेला टेकवावी, डाव्या हाताने पाते धारेजवळ दाबावे आणि जोर मनगटातून न देता अंगातून द्यावा. एका वेळी पाते आठ-दहा मिलिमीटरच पुढे जावे आणि शेवटी ते उचलले जावे. एका फेरीत कडेशी ४५ अंशांनी, पुढच्या फेरीत त्याला काटकोनात, असे आलटून पालटून चालावे. एकाच दिशेने चालल्यास पृष्ठभागावर लाटा उठतात आणि त्या काढण्यात दिवस जातात. पुठ्ठ्यात एक इंचाचा चौकोन कापून तो ठिकठिकाणी ठेवा आणि निळ्याचे ठिपके मोजा. प्रत्येक चौरस इंचात दहा-बारा ठिपके सर्वत्र सारखे आले की स्लाइड हाती घ्यावी, आणि स्लाइडवर वीसच्या आसपास थांबावे.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा विद्यार्थी आहे. सरफेस प्लेटवरून जॉब उचलला की सगळीकडेच निळे दिसते. कितीही खरवडले तरी ठिपके वाढत नाहीत. काय चुकत असावे?

उत्तर : निळा रंग जाड लागतो आहे. सुरुवातीच्या खडबडीत टप्प्यात थोडा जाड थर चालतो, पण काम जुळत येईल तसा तो पातळ करत न्यावा. शेवटी प्लेट जेमतेम निळसर दिसावी. प्रशियन ब्लूचा वाटाण्याएवढा गोळा सबंध प्लेटला पुरतो. पूर्वीचे कारागीर तेलात कालवलेला शेंदूरही वापरत. त्यात शिसे असते, म्हणून तो टाळावा.

दुसरे असे की, ठिपका नीट पाहायला शिकावे. उजेड तिरपा घेऊन जवळून पाहिले, तर काही ठिपक्यांच्या मधोमध बीड चकाकते आणि भोवती निळे कडे असते. तेथे दाब इतका होता की रंग बाजूला सारला गेला. हेच सर्वांत उंच बिंदू. आधी तेवढेच घ्या. नुसत्या फिकट निळ्या डागांना त्या फेरीत हात लावू नका.

प्रत्येक फेरीनंतर बारीक तेलदगड हलकेच फिरवून काठाची बर (खरवडताना उठलेली धारदार कड) काढा आणि चिंधीने पुसून झाल्यावर शेवटी मोकळा तळहात फिरवा. चिंधीने राहिलेला कण तळहाताला लागतो. तो राहिला तर जॉब त्यावरच टेकतो आणि निळा रंग खोटी साक्ष देतो. जॉब प्लेटवर ठेवून एका टोकाला बोटाने हलकेच ढकलून पाहणेही उपयोगी आहे. तो मध्यावर गरगर फिरला तर मध्ये फुगीर आहे, अगदी टोकावर फिरला तर मध्ये खोलगट आहे. टोकापासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर फिरला तर योग्य आहे.

आणि तापमान विसरू नका. बीड एका अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी एका बाजूने तापलेली स्ट्रेट एज वाकते. जॉब रात्रभर प्लेटशेजारी ठेवून सकाळी काम करावे.

प्रश्न : ग्रॅनाइट प्लेट विकत न घेता स्वतःच सपाट प्लेट तयार करता येते, असे ऐकले आहे. ते शक्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. यंत्रनिर्माते हेन्री मॉडस्ले यांच्या लंडनमधील कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ग्लासगोच्या सभेत ही रीत मांडली. प्लेटा तीन लागतात. दोनच एकमेकींशी जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असूनही निळा रंग दोन्हींवर छान पसरतो. तिसरी आळीपाळीने दोघींशी जुळवली की ही लबाडी उघडी पडते, कारण तिन्ही जोड्या एकाच वेळी जुळायच्या तर तिन्ही प्लेटा सपाटच असाव्या लागतात. यातही एक पळवाट उरते : तिन्ही सारख्याच पिळलेल्या असतील तर त्या जुळतात. म्हणून चौरस प्लेटा घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीत एक प्लेट ९० अंशांनी वळवून पुन्हा निळा लावावा. ज्याला हा हुन्नर मुळापासून समजून घ्यायचा आहे त्याने हे अवश्य करावे. ज्याला या पावसाळ्यात लेथ चालू करायचा आहे त्याने ग्रॅनाइटची प्लेट घ्यावी, आणि ती जुनी मिळाली तर आधी कॅलिब्रेशन प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी.