आईनं मॅडमना फोन केला तर?

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांची, सांगलीत राहते, तीन महिने झाले एका मानसोपचार क्लिनिकमध्ये सायकॉलॉजिस्टकडे जातेय, घरी सांगितलं नव्हतं. परवा अपॉइंटमेंटचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर गेला आणि झाली चौकशी सुरू. आता आई म्हणते, मीच फोन करून विचारते पोरगी तिथं काय बोलते ते. मॅडम सांगतील का हो तिला? मी निम्मं तर आईबद्दलच बोललेय.

उत्तर: नाही सांगणार, सांगताही येत नाही. तू सज्ञान आहेस. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे ना, त्याच्या कलम 23 मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्यच ठरवलंय. अपवाद आहेत, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल किंवा दुसऱ्या डॉक्टरांना उपचारासाठी लागत असेल, तेव्हा सांगतात पण तेही कामापुरतंच. तुझ्या प्रतिनिधीलाही, म्हणजे उपचारांच्या बाबतीत तुझ्या वतीनं बघणाऱ्या माणसालाही, गरजेपुरतं सांगता येतं, आणि तो कोण हे तू साध्या कागदावर लिहून सही करून ठरवू शकतेस, आईच पाहिजे असं काही नाही.

पण खरं सांगू का, मॅडमच्या तोंडून सहसा फुटत नाही, फुटतं ते काउंटरवर! केस पेपर काढताना आपण सवयीनं घरातला नंबर देऊन मोकळे होतो, तुझंही तेच झालेलं दिसतंय. मग कधी नाव मोठ्यानं पुकारतात आणि बाकावर नेमक्या शेजारच्या काकू बसलेल्या, कधी बिल पर्समधनं आईच्या हातात. उद्याच फोन करून नंबर बदलून घे, मेसेजमध्ये क्लिनिकचं नाव नको म्हणावं, आणि नावाऐवजी टोकन पुकारता का तेही विचार. यात लाजायचं काय, फी भरतो आपण.

आणि मॅडमना पुढच्या सेशनच्या आधीच सांग की आईचा फोन येईल, तुम्ही काय म्हणणार? कारण नुसतं 'हो, येते ती' म्हणणं हीसुद्धा माहितीच झाली, ती द्यायची का नाही ते तू ठरव. आई काही वैरीण नाही गं, घाबरलीये ती. 'झोप लागत नव्हती, आता बरं वाटतंय' एवढं तूच तिला सांगून बघ, बाकीचं तुझं तुझ्याकडे. कदाचित ती फोन करणारही नाही. केलाच, तर मॅडम बघून घेतील.