ब्लॉन्ड एलमध्ये हॉप्स पुढे आणायचे तर आधी माल्टची गर्दी कमी करा

भाऊ, तुमची रेसिपी दोनदा वाचली. तुम्ही मूळचे आर्वी तालुक्यातले, सध्या अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला. २० लिटरची हलकी, सोनेरी ब्लॉन्ड एल बिअर करायची आहे, साधीच, पण हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास ठसठशीत हवा. यादीत सहा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), चार हॉप्स आणि वरून नागपुरी संत्र्याची साल. "यात काय चुकतंय?" असं विचारलंत. एकेक वस्तू चांगलीच आहे, पण एकत्र आल्यावर कुणाचाच आवाज ऐकू येणार नाही. अर्ध्याहून जास्त यादी काढून टाका.

मी ओरेगनमध्ये नऊ वर्षं होतो आणि तिथे घरी बिअर करायचो. आता वरुड तालुक्यात संत्र्याची बाग पाहतो. इथे मी बिअर करत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि तुमचा वर्धा जिल्हा तर पूर्ण दारूबंदीचा. त्यामुळे सुट्टीत गावी येताना किट घेऊन यायचा विचार असेल तर तो सोडा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, स्वतःसाठी करता येते. विकता येत नाही. जे करायचं ते तिथेच करा, आणि मनापासून करा.

आता माल्ट. तुरीचं साधं वरण आठवा. त्यात डाळ, हळद, मीठ आणि वरून तूप, एवढंच. डाळ जुनी असेल तर पहिल्या घासाला कळतं, कारण तिला लपायला जागाच नसते. ब्लॉन्ड एल तशीच आहे. तुमच्या यादीतला क्रिस्टल ६० जळक्या साखरेची गोडी आणि तांबूस रंग देतो. हनी माल्ट वेगळी गोडी देतो. व्हिएन्ना भाजक्या पोळीसारखा वास देतो. या गोड्यांच्या थराखाली हॉप्स दबतात, मग आपण हॉप्स वाढवतो, मग कडूपणा वाढतो, आणि शेवटी बिअर साधीही राहत नाही, हलकीही राहत नाही. माझी पहिली ब्लॉन्ड अशीच झाली होती. पाच माल्ट घातले होते आणि पिताना एकाचंही नाव सांगता येत नव्हतं. दुसऱ्या वेळी दोनच घेतले, तेव्हा कळलं की हॉप्स आधीही तेवढेच होते, फक्त ऐकू येत नव्हते.

तर ४ किलो टू-रो पेल माल्ट (जवाचा साधा, फिका माल्ट) आणि ४०० ग्रॅम गव्हाचा माल्ट. गहू फेसासाठी आणि तोंडात थोडा भरीवपणा यावा म्हणून. ७२ टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी (माल्टमधली किती साखर पाण्यात उतरते ते) धरली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखरेचं माप) १.०४७ च्या जवळ येईल. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६५ ते ६६ अंशांवर एक तास. ६८-६९ वर गेलात तर न आंबणारी साखर जास्त उरते आणि शेवट जड होतो. इथे शेवट कोरडा हवा, म्हणजे हॉप्सची चव जिभेवर स्वच्छ सुटते. यीस्ट १.०१० पर्यंत आणेल, अल्कोहोल पावणेपाच-पाच टक्के.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते अर्धी बिअर तिथेच आहे. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात गेलं की चहाचीही चव बदलते. पोर्टलंडचं बुल रन नदीचं पाणी याच्या अगदी उलट, फार मऊ. ही चांगली गोष्ट आहे, कारण कोऱ्या पाटीवर आपल्याला हवं ते लिहिता येतं. एकूण २८ लिटर पाण्यात ५ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि अडीच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. सल्फेट साधारण १०० आणि क्लोराइड ४५ पीपीएमच्या आसपास जाईल. सल्फेट जास्त ठेवलं की हॉप्सची धार कोरडी आणि स्पष्ट लागते. क्लोराइड जास्त झालं की सगळं गोलसर, भरीव होतं. इथे आपल्याला धार हवी आहे, पण खरखर नको, म्हणून जिप्समचा हात सैल सोडू नका. मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ मध्ये आणा. लॅक्टिक अॅसिड थोडं थोडं घालून मोजत जा, एकदम ओतू नका. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, ते उकळूनही सहज जात नाही, त्यासाठी अर्धी कॅम्पडेन गोळी पुरते. ती विसरलात तर औषधासारखा वास येतो आणि तो कोणत्याही हॉप्सने झाकत नाही.

हॉप्सचं गणित स्वयंपाकातूनच पाहा. फोडणीतली मेथी आणि शेवटी वरून टाकलेला सांबार (कोथिंबीर) यांचं काम वेगळं. मेथीचा कडूपणा तेलात उतरतो. सांबार उकळत ठेवला तर फक्त पालापाचोळा उरतो. हॉप्समध्ये कडूपणा अल्फा अॅसिडमधून येतो, आणि त्याला तासभर उकळी लागते. वासाची तेलं मात्र वाफेबरोबर उडून जातात. तुम्ही चारही हॉप्स ६० मिनिटांना, म्हणजे उकळी संपायला तासभर असताना, थोडे थोडे टाकले आहेत. म्हणजे महागडा सांबार उकळत ठेवण्यासारखं झालं.

म्हणून ६० मिनिटांना फक्त १० ग्रॅम मॅग्नम हॉप, १२ टक्के अल्फाचा. त्यातून साधारण १४ आयबीयू (कडूपणाचं माप) मिळतात आणि त्याचा कडूपणा स्वच्छ असतो. शेवटच्या १० मिनिटांना २० ग्रॅम कॅस्केड हॉप. आच बंद केल्यावर वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) ८० अंशांपर्यंत खाली आणा, मग ३० ग्रॅम कॅस्केड टाकून हळूहळू फिरवत वीस मिनिटं ठेवा. त्या तापमानाला कडूपणा फारसा उतरत नाही आणि तेलं टिकतात. एकूण तेवीसच्या आसपास आयबीयू होतील. बीजेसीपीच्या (बिअर स्पर्धांच्या परीक्षकांच्या संस्थेच्या) मार्गदर्शिकेत ब्लॉन्ड एलला १५ ते २८ दिले आहेत, म्हणजे आपण वरच्या अंगाला, पण चौकटीतच. पाकिटावरचा अल्फा वेगळा असेल तर मॅग्नमचं वजन त्या प्रमाणात बदला.

कॅस्केडच का? हा हॉप १९७२ मध्ये तुमच्याच ओरेगनमधून, कॉर्व्हालिसच्या सरकारी संशोधनातून बाहेर आला. वास चकोतऱ्याच्या सालीचा आणि थोडा फुलांचा. त्यामुळे संत्र्याची साल नको, हे मी संत्रं पिकवणारा माणूस म्हणून सांगतो. आंबिया बहाराचं संत्रं सोलताना हाताला जो वास राहतो, तो मला जगात सर्वांत आवडतो. पण सालीतला पांढरा भाग बिअरमध्ये वेगळाच कडूपणा सोडतो, आणि लिंबूवर्गी वास कॅस्केड स्वतःच आणतो. एकच काम दोघांना सांगितलं की दोघंही नीट करत नाहीत. साल दुसऱ्या बिअरसाठी ठेवा, तिथे ती मालकीण असू द्या.

यीस्ट यूएस-०५, एक पाकीट. वर्ट १८ अंशांपर्यंत गार करा आणि पहिले चार दिवस १८-१९ वर ठेवा. इथे लक्षात ठेवा की फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) आतली बिअर खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असते, कारण यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. ऑगस्टमध्ये पोर्टलंडच्या घरात तीस अंश झाले तर घाबरू नका. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, वरून ओला टॉवेल गुंडाळा, समोर पंखा लावा. आपल्या माठाचीच युक्ती, आणि तिथला उन्हाळा कोरडा असल्याने ती चालते. उकाड्यात आंबलेल्या बिअरला सॉल्व्हेंटसारखा वास येतो आणि डोकंही धरतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी २०-२१ अंशांवर येऊ द्या. ग्रॅव्हिटी दोन दिवस हलली नाही की ५० ग्रॅम कॅस्केड ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट आंबलेल्या बिअरमध्ये, फक्त तीन दिवस. मी एकदा दहा दिवस ठेवले होते. ताज्या कापलेल्या गवताचा वास आला तो शेवटपर्यंत गेला नाही. ड्राय हॉपनंतर ग्रॅव्हिटी पुन्हा थोडी उतरू शकते, कारण हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर मोडतात. म्हणून बाटलीत भरण्याआधी पुन्हा मोजा, नाहीतर बाटल्या फुटतात. भरताना बिअर पाइपने तळापासून सोडा, खळखळू देऊ नका, कारण हवेतला ऑक्सिजन हॉप्सचा वास खातो. २० लिटरला १२० ग्रॅम साखर, दोन आठवडे २० अंशांवर. मग फ्रिजमध्ये, आणि सहा आठवड्यांत संपवा. ही बिअर जुनी करण्यासाठी नाही.

पहिल्या बॅचनंतर एकच गोष्ट बदला. कडूपणा कमी वाटला तर मॅग्नम दोन ग्रॅमने वाढवा, वास कमी वाटला तर ड्राय हॉप १० ग्रॅमने. दोन्ही एकदम बदललंत तर काय कशामुळे झालं ते कळणार नाही. सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी, मॅशचा पीएच आणि आंबताना दर सकाळचं तापमान वहीत लिहून ठेवा. ते आकडे मला पाठवा, पुढची बॅच त्यावरून ठरवू.